एटीव्हीला ट्रेल किट टाकून घेताय? पैसे द्यायच्या आधी दात मोजा

सध्या कोकणात काय आणि मुळशी-मावळकडे काय, ज्याच्या त्याच्या फार्मवर एटीव्ही (कच्च्या वाटेवर चालवायची, जाड टायरांची चारचाकी बाइक) दिसायला लागलीये, बहुतेक २००-२५० सीसीच्या चायनीज चेनवाल्या गाड्या, आणि त्यांच्या मागोमाग या गाड्यांना "ट्रेल किट" टाकून देणारेही उगवलेत. मोठे टायर, नवीन स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ती दातांची चाकं), चेन, फिटिंगसकट एकच रक्कम. अशाच एका पुण्यातल्या दुकानदाराने मला ३१ हजाराची टोपी घातली. नाव लिहीत नाही कारण प्रकरण चालू आहे, पण त्याने कुठे कुठे काय केलं ते सगळं लिहितो, कारण ही फसवणूक अशा जागी होते जिथे कोणी वाकून बघत नाही.

आमची बाग दापोली तालुक्यात. घर खाली, उतारावर कलमं, आणि वर सडा, म्हणजे उघड्या जांभ्याचं पठार. बागेतून सड्यावर जाणारी वाट म्हणजे अर्धी तांबडी माती आणि अर्धा उघडा जांभा, मध्ये एक चढ असा की चालतानासुद्धा गुडघ्यावर हात ठेवावा लागतो. गाडी २०० सीसी, मागे २० बाय १० - ९ चे टायर, म्हणजे उंची २० इंच, रुंदी १०, रिम ९ ची. पुढे २१ बाय ७ - १०. चेन ५२० साइझची, पुढचं स्प्रॉकेट १४ दातांचं, मागचं ३८. त्या चढाला दुसऱ्या गिअरला गाडी मान टाकायची आणि पहिल्यात टाकली की नुसती बोंबलायची, वेग काहीच नाही. थोडी खालची गिअरिंग हवी होती, बस एवढंच.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हिशोब पाचवीच्या पोराचा आहे. मागचे दात भागिले पुढचे दात. ३८ ला १४ ने भागलं की २.७१. हा आकडा वाढला की गाडी ओढते जास्त, पळते कमी. पुढचा एक दात कमी केला तर तो मागे जवळपास तीन दात वाढवल्याएवढा असतो. आणि टायर मोठा केला की याच्या बरोब्बर उलटं होतं, २० चा २२ केला म्हणजे चाकाचा घेर दहा टक्के वाढला, जवळपास तेवढी ओढ गेली. म्हणून जो कोणी नुसते मोठे टायर टाकून "चढाला भारी चालेल" म्हणतो त्याच्यापासून दोन हात लांब राहा. माती तुडवायला आणि दगडावरून जायला मोठा टायर चांगलाच, एक्सल (चाकांचा आस) एक इंचाने वर जातो, पण त्याची भरपाई स्प्रॉकेटमध्ये करावी लागते.

हे सगळं त्या दुकानदाराला पाठ होतं, तेच तर. फोनवर म्हणाला, "दादा, पुढे १३ टाकतो, मागे ४२, आणि मागचे टायर २२ चे. डोळे झाकून सडा चढाल." मी कागदावर मांडून बघितलं, ४२ भागिले १३ म्हणजे ३.२३, त्यातून मोठ्या टायरने खाल्लेलं वजा केलं तरी २.९४ उरतात, म्हणजे आधीपेक्षा आठ टक्के जास्त ओढ आणि वर क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासूनची उंचीही. मी त्याला हेही विचारलं की मागचं ४२ चं स्प्रॉकेट खाली लोंबेल त्याचं काय, कारण या गाड्यांना ते एक्सलवरच बसतं, आणि जांभ्याला पहिलं तेच टेकतं. तर म्हणाला ३८ चं पावणेआठ इंचाच्या आसपास असतं आणि ४२ चं साडेआठ, खाली अर्धा इंच सुद्धा वाढत नाही, टायरने एक इंच मिळतोय ना. बरोबर बोलला. इतका बरोबर बोलणारा माणूस फसवेल असं वाटत नाही, आणि फसवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

गाडी पिकअपमध्ये घालून पाठवली, कारण या गाड्यांचं आरटीओ पासिंग नसतं, रस्त्यावर चालवत नेता येत नाही. आली तेव्हा नुसती चमकत होती. टायर तर तेलात बुडवून काढल्यासारखे काळे कुळकुळीत. मागच्या स्प्रॉकेटवर ठसठशीत "४२" पंच केलेलं. बाकीचे पैसे ट्रान्सफर केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी वर काढली.

चढ आला आणि पहिल्या गिअरलाच गाडी गुदमरली. क्लच सोडत नेला तर ऑइल जळल्याचा वास. आधी निदान पहिल्यात रडत का होईना चढायची, आता तेही नाही. आणि सपाटीला सड्यावर मात्र मस्त सुळकन पळायला लागली, आधीपेक्षा जास्त! तिथेच शंका आली कारण खालची गिअरिंग केलेली गाडी सपाटीला आधीपेक्षा जास्त पळूच शकत नाही. फोन केला तर उत्तर तयार, "नवीन किट आहे दादा, चेन सेट होऊ द्या, दोनशे किलोमीटर रनिंग झाल्यावर पिकअप खुलेल." स्प्रॉकेटला असलं काही रनिंग लागत नाही. दात तेवढेच राहतात पहिल्या दिवशी पण आणि शेवटच्या दिवशी पण.

मग भाच्याला घेऊन बसलो. मागचं चाक जॅकवर उचललं, स्प्रॉकेटच्या एका दाताला व्हाइटनर लावला आणि हळूहळू फिरवत मोजत गेलो. चाळीस. भाचा म्हणाला "मामा तू चुकलास", त्याने मोजले, चाळीस. ४२ चा पंच नीट बघितला तर त्याच्या आजूबाजूला ग्राइंडर मारल्याची रेघ, म्हणजे मूळ आकडा घासून वर नवीन ठोकलेला. मग पुढचं कव्हर काढलं. तीन बोल्ट फक्त. आत तेच जुनं १४ दातांचं स्प्रॉकेट, डिझेलने स्वच्छ धुतलेलं. जुनं कशावरून, तर त्याच्या एका दाताचा टवका उडालेला होता आणि तो टवका मला ओळखीचा आहे, गेल्या पावसाळ्यात चेनमध्ये खडा अडकला तेव्हाचा. दात सगळे एका बाजूला वळलेले, हुकासारखे. बिलात मात्र "पूर्ण स्प्रॉकेट सेट".

आता परत हिशोब करा. ४० भागिले १४ म्हणजे २.८६. त्यात टायर २२ चे. घेराचा फरक धरला तर उरतात २.६०. कंपनीतून आली तेव्हा २.७१ होते. म्हणजे ३१ हजार देऊन मी गाडी चढाला चार टक्के कमजोर करून घेतली!

माझा अंदाज, की त्याच्याकडे ४२ चं आमच्या एक्सलला बसणारं स्प्रॉकेट नव्हतंच. चायनीज गाड्यांमध्ये मागच्या स्प्रॉकेटची भोकं प्रत्येकाची वेगळी, मग हातात जे होतं त्यावर आकडा ठोकला. वरून ते कच्च्या लोखंडाचं. आमच्या गावच्या मिस्त्रीने कानस लावली तर लोण्यासारखी चालली, माझ्या जुन्या ३८ वर तीच कानस सरकत होती. चेन पण बघा, माझ्या चेनला दोन चेन लॉक (टोकं जोडणारी कडी) निघाले. अखंड नवीन चेनला एकच लॉक असतो, दोन म्हणजे तुकडा जोडलेला. ५२० चेन ही काही दुर्मिळ वस्तू नाही, ड्यूक ३९० ला तीच लागते, कुठेही मिळते, तरी त्यात पण हात मारलाच.

टायरची गंमत वेगळीच. गाडी सरळ धरली तरी डावीकडे ओढत होती. या गाड्यांचा मागचा एक्सल म्हणजे सरळ एक दांडा, डिफरन्शियल नाही, दोन्ही चाकं एकत्रच फिरणार. मग एक टायर दुसऱ्यापेक्षा लहान असला की गाडी त्या बाजूला वळायला बघते. दोन्हीवर २२ बाय १० लिहिलेलं. मी अंगणात खडूने रेघ मारली, टायरला पण खूण केली, आणि एक पूर्ण फेरा ढकलत नेलं. २२ इंचाच्या टायरचा घेर साधारण ५ फूट ९ इंच यायला पाहिजे. आपलं वजन पडून थोडा कमी येतो, ते ठीक. पण उजवा आणि डावा यात तीन बोटांचा फरक! हे दुकानदाराला सांगितलं तर म्हणे हवा कमीजास्त असेल. हवा मी आधीच सारखी करून घेतली होती, दोन्हीत ४ पीएसआय, लो प्रेशरच्या वेगळ्या गेजने. (पंपावरच्या पोराकडे एटीव्हीचे टायर कधी देऊ नका, तो सवयीने ३० भरतो आणि टायर फुगून गोल होतो, मग ग्रिप शून्य.)

मग ते काळं पॉलिश रॉकेलच्या फडक्याने पुसलं. खालून भेगा, टायरवरच्या उंच गोट्यांच्या मधोमध बारीक बारीक जाळं. एका टायरवर डीओटी कोडचे (टायर कधी बनला ते सांगणारा कोड) शेवटचे चार आकडे ३११४, म्हणजे २०१४ सालच्या ३१ व्या आठवड्यातला माल. दुसऱ्यावर तो कोडच खरवडून काढलेला. दोन वेगळ्या गाड्यांचे वापरलेले टायर धुवून, रंगवून, जोडी म्हणून विकलेले. झीज वेगळी म्हणून घेर वेगळा.

एवढं सगळं फोटोसकट पाठवल्यावर साहेबांचा सूर बदलला. आधी "दादा" होतो मी, मग "बघा, तुम्ही शिकलेले लोक". शेवटी म्हणाला, "गाडी घेऊन या, करून देतो." इथे खरी मेख आहे. त्याला पक्कं ठाऊक आहे की दापोलीहून पुण्याला गाडी चालवत आणता येत नाही, पिकअपचं जाण्यायेण्याचं भाडंच इतकं की माणूस म्हणतो जाऊ दे. माझ्या ओळखीतल्या एकाने, वेल्ह्याकडे फार्म आहे त्याचा, असंच दुसऱ्या एका ठिकाणी करून घेतलं होतं, त्याने भाड्याच्या हिशोबानेच सोडून दिलं. आता त्याचं कव्हर उघडलं तर पुढचं स्प्रॉकेट जुनंच निघालं, त्याला वर्षभर पत्ताच नाही.

बिल मी पक्कंच घेतलं होतं, जीएसटीवालं. पण त्यावर काय लिहिलं होतं माहितीये? "एटीव्ही ट्रेल किट, १ नग." दातांचा आकडा नाही, चेनचा नंबर नाही, टायरचं वर्ष नाही. १३-४२ चं सगळं बोलणं फोनवर. नशिबाने एक व्हॉट्सअॅप मेसेज होता ज्यात त्याने स्वतः "13/42 + 22 inch" असं टाइप केलं होतं, त्यावर आता सगळी मदार आहे. तुम्ही घेत असाल तर बिलावरच लिहून घ्या, पुढे किती दात, मागे किती, चेन ५२० की ४२८, टायरचा साइझ आणि डीओटीचे चार आकडे. लिहायला टाळाटाळ केली तर समजून जा. आणि काढलेले जुने पार्ट परत मागा, हे तर कुठल्याही गॅरेजला मागावं, पण इथे जास्तच, कारण जुनं पुढचं स्प्रॉकेट हातात आलं नाही याचा अर्थ ते अजून गाडीतच असू शकतं.

१९१५ ला फोन केला, ग्राहक हेल्पलाइन, त्यांनी तक्रार नोंदवून दुकानदाराकडे पाठवली. त्यावर त्याने स्प्रॉकेटचे पैसे परत द्यायची तयारी दाखवली, टायरचे नाही, म्हणे टायर वापरले गेले. वापरलेलेच होते की रे बाबा! ते मी घेतलं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकलीये. खूप लोकांना वाटतं दुकान पुण्यात म्हणून पुण्याला खेटे घालावे लागतील, तसं नाही, २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखापर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत करायची. वकील पण लागतोच असं नाही.

गाडीचं म्हणाल तर जुनं ३८ परत बसवलं, जुने २० चे टायर परत चढवले, आणि पुढे फक्त १३ दातांचं नवीन स्प्रॉकेट टाकलं जे नाना पेठेतल्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने जुनं शेजारी ठेवून, आतल्या खाचा मोजून दिलं, हजाराच्या आत. ३८ भागिले १३, २.९२. दुसऱ्या गिअरला सडा चढते. त्या किटमध्ये मला जे २.९४ मिळणार होते जवळपास तेवढेच. चेन त्या म्हाताऱ्याकडूनच नवीन घेतली, कारण नवीन स्प्रॉकेटवर ताणलेली जुनी चेन घातली की दात लवकर खातात.

ज्यांनी आधीच असलं किट टाकून घेतलंय त्यांनी आज कव्हर उघडून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. फक्त जुनं स्प्रॉकेट दिसलं म्हणून लगेच काढू नका. आधी ते गाडीवर असतानाच चेसिस नंबरसकट व्हिडिओ घ्या, दात मोजतानाचा पण घ्या, आणि टायर पुसायच्या आधीचे आणि नंतरचे फोटो. माझ्या तक्रारीला हेच जोडलंय.