क्रूगरमध्ये एकच दिवस: गाइडची उघडी गाडी, स्वतःची गाडी, की उद्यानाची तीन तासांची फेरी?

ताडोब्यात हा प्रश्नच पडत नाही. कोअरमध्ये जायचं तर जिप्सी, चालक, गाइड आणि फेरीची वेळ सगळं ठरलेलं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात मात्र विमानतळावर भाड्याने घेतलेली साधी हॅचबॅक स्वतः चालवत थेट आत जाता येतं आणि रस्त्याच्या कडेला झोपलेल्या सिंहासमोर हवा तितका वेळ थांबता येतं. उद्यान वर्षभर उघडं असतं, मंगळवारची सुट्टी नाही, पावसाळ्याची बंदी नाही. त्यामुळे गाइडसोबतच्या दिवसभराच्या सफारीला पैसे का मोजायचे, हा प्रश्न रास्तच आहे.

आमचं मत आधीच सांगतो. उद्यानात एकच दिवस मिळणार असेल, तर गाइडसोबतची दिवसभराची सफारी घ्या. आत दोन किंवा अधिक रात्री राहणार असाल, तर पहिला दिवस गाइडसोबत घालवा आणि पुढचे दिवस स्वतः गाडी चालवा. उद्यानाची तीन तासांची फेरी या दोन्हींची जागा घेत नाही, तिचं काम वेगळंच आहे. कारणं पुढे दिली आहेत. तुमची परिस्थिती वेगळी असेल, तर निर्णयही वेगळा निघेल.

आधी अंतरांचा अंदाज

क्रूगर उत्तर-दक्षिण सुमारे 360 किलोमीटर लांब आहे आणि क्षेत्रफळ 19 हजार चौरस किलोमीटरच्या पुढे. एका दिवसात ‘क्रूगर’ होत नाही, क्रूगरचा एक कोपरा होतो. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी 50 किलोमीटर, कच्च्या रस्त्यावर 40. पण प्राणी दिसायला हवे असतील तर गाडी 25-30 ने चालवावी लागते आणि थांबे धरून सरासरी 20 ते 25 वर येते. स्कुकुझा ते सतारा (दोन्ही उद्यानातले विश्रांतितळ, म्हणजे मुक्कामाची ठिकाणं) हे 93 किलोमीटर नकाशावर दोन तासांचं वाटतं, प्रत्यक्षात चार तास सहज जातात. (सतारा हे नाव हिंदीतल्या ‘सत्रा’, म्हणजे 17, या आकड्यावरून पडलं असं तिथे सांगतात. आपल्या साताऱ्याशी त्याचा संबंध नाही.)

म्हणूनच बहुतेक दिवसभराच्या सफाऱ्या दक्षिण भागातच फिरतात. हेझीव्ह्यू गावातून उचलतात, फाबेनी गेटने आत, सुमारे 38 किलोमीटरवर स्कुकुझाला न्याहारी, मग साबी नदीच्या काठाने जाणाऱ्या एच 4-1 रस्त्याने 44 किलोमीटरवर लोअर साबी या विश्रांतितळावर दुपारचं जेवण, आणि परत. जाऊन-येऊन साधारण 165 किलोमीटर, म्हणजे गाडीत सात-आठ तास आणि बाकीचे थांबे. एखाद्या सफारीवाल्याने याच दिवसात सताऱ्यापर्यंत नेऊन आणायचं आश्वासन दिलं, तर समजा की तो गाडी पळवणार आहे.

जोहान्सबर्गहून सकाळी निघून रात्री परतणारी ‘एक दिवसाची क्रूगर सफारी’ घेऊच नका. एका बाजूला 400 किलोमीटरच्या वर अंतर आहे. नऊ-दहा तास महामार्गावरच जातील आणि जंगलात पोहोचाल ते भर दुपारी, जेव्हा सिंह झुडपाखाली आडवा झालेला असतो. हातात फक्त जोहान्सबर्गचा मुक्काम असेल, तर दोन-अडीच तासांवरचं पिलानेसबर्ग राष्ट्रीय उद्यान बघा. तिथेही पाचही मोठे प्राणी (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) आहेत आणि तो भाग मलेरियामुक्त आहे.

गाइड नेमकं काय देतो

उंची, कान आणि सराव. उघड्या गाडीतल्या चढत्या ओळींमुळे डोळा हॅचबॅकपेक्षा बराच वर असतो. नोव्हेंबर ते मार्च या पावसाळी महिन्यांत गवत वाढतं तेव्हा हा फरक निर्णायक ठरतो. गवतात बसलेली सिंहीण छोट्या गाडीतून दिसतच नाही.

पण खरी किंमत सरावाची आहे. साबीच्या काठावर उंबराच्या जातीतली मोठी झाडं आहेत, आणि आपल्या तेंदूचा भाऊबंद असलेला जॅकलबेरी आहे. बिबट्या शोधताना नवखा माणूस अख्खं झाड बघतो. सरावलेला गाइड फक्त आडव्या फांद्या बघत जातो आणि फांदीखाली सरळ लोंबणारी एक रेघ शोधतो, कारण शेपूट सोडली तर बिबट्याचं बाकी सगळं सालीत मिसळून जातं. इम्पाला हरणांचा अख्खा कळप चरायचं सोडून एकाच दिशेला तोंड करून नाकातून फुरफुरत असेल, तर तो इंजिन बंद करून थांबतो. जिराफ हलत नसेल, तर जिराफाकडे न बघता जिराफ जिकडे बघतोय तिकडे बघतो. झाडावर बसून राहिलेली गिधाडं त्याला सांगतात की खाली शिकार पडली आहे आणि मालक अजून तिथेच आहे. शिवाय कुठे काय दिसतंय, हे इतर गाइडांकडून त्याला कळत राहतं.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. क्रूगरमध्ये स्वतः गाडी चालवणाऱ्याला खरा धोका सिंहाचा नसतो, हत्तीचा असतो. मस्तीत (मदात) आलेल्या नराच्या डोळा आणि कानाच्या मधून काळपट ओघळ वाहत असतो, मागचे पाय लघवीने ओले असतात, चालण्यात ताठा असतो. असा नर रस्त्यावरून समोर येत असेल तर थांबून फोटो काढायचा नाही. अंतर बरंच असतानाच मागे गाडी घ्यायला लागायचं आणि तो रस्ता सोडेपर्यंत घेत राहायचं. मागे दुसऱ्या गाड्या येऊन चिकटल्या की अडचण होते. गाइड हे ओघळ लांबूनच दुर्बिणीत पाहतो आणि अडकण्याआधीच मागे फिरतो. हे एकदा शेजारी बसून पाहिलं, की दुसऱ्या दिवशी स्वतःला जमतं. पहिला दिवस गाइडसोबत घ्या म्हणतो ते मुख्यतः याचसाठी.

आता उणिवा. दहा आसनांच्या गाडीत ओळीत तिघे बसले, तर मधल्याला फोटो मिळत नाही, त्याला दोन्ही बाजूंनी खांदे दिसतात. शेवटची ओळ सगळ्यात उंच, पण मागच्या चाकांवर असल्याने हादरे तिथेच जास्त आणि वाराही. कंबरदुखी असेल तर मधली ओळ मागून घ्या. सोबतच्या अनोळखी पर्यटकांना पाच मोठे प्राणी ‘उरकायचे’ असतील आणि तुम्हाला नीलपंखांसमोर अर्धा तास थांबायचं असेल, तर दिवस कुरकुर करण्यात जातो. पक्षी बघणाऱ्यांनी आणि गंभीर फोटोग्राफरांनी जास्त पैसे देऊन अख्खी गाडी स्वतःसाठी घ्यावी. आणि अकरा ते दोन हा वेळ कोणत्याही गाडीत सुस्तच असतो. ‘दिवसभर’ म्हणजे बारा तास प्राणी नव्हे.

एक समज मात्र काढून टाका: गाइडची गाडी असली तरी क्रूगरच्या रस्त्यावरून खाली उतरून झाडीत जाता येत नाही. ती मुभा शेजारच्या साबी सँडसारख्या खासगी राखीव क्षेत्रांत असते. साबी सँड आणि क्रूगर यांच्यामधलं कुंपण 1993 मध्ये काढलं, त्यामुळे प्राणी तेच आहेत, पण तिथला मुक्काम कित्येक पट महाग.

स्वतःची गाडी कुणाला परवडते

चार जणांचं कुटुंब असेल तर हिशेब सरळ आहे. गाइडची सफारी माणशी, गाडीचं भाडं गाडीमागे. प्रवेशशुल्क माणशी आणि दररोज, ते दोन्हीकडे सारखंच लागतं. परदेशी पाहुण्यांचा दर स्थानिकांच्या काही पट असतो, म्हणून सफारीच्या दरात ते धरलंय का हे लेखी विचारा, बऱ्याचदा धरलेलं नसतं.

गाडी चालवणं आपल्याला अवघड नाही. तिथेही स्टिअरिंग उजवीकडे आणि वाहतूक डावीकडून. इंग्रजीत छापलेला, फोटो आणि सही असलेला भारतीय परवाना चालतो. काही भाडे-कंपन्या आंतरराष्ट्रीय परवाना मागतात, म्हणून आरटीओतून काढून नेलेला बरा. बहुतेकांचं गाडं अडतं ते काउंटरवर: अनामतीसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्ड किंवा बायकोचं कार्ड चालत नाही. टायर आणि काचेचा विमा वेगळा घ्यावा लागतो, कच्च्या रस्त्यावर जाणार असाल तर तो घ्याच.

फोटोंच्या बाबतीत छोटी गाडी चक्क सरस आहे. खिडकीच्या उंचीवरून सिंह डोळ्याला डोळा भिडवून मिळतो, उघड्या गाडीतून तो वरून घेतल्यासारखा येतो. खिडकीच्या काठावर कडधान्य भरलेली कापडी पिशवी ठेवली की लेन्स हलत नाही.

चुका होतात त्या दोनच जागी. पहिली, चालक स्वतः प्राणी शोधत बसतो. चालकाने फक्त रस्ता बघायचा, एकाने डावी बाजू, एकाने उजवी. दुसरी, परतीची वेळ. गेट हिवाळ्यात (तिथे जून-जुलै) संध्याकाळी साडेपाचला आणि भर उन्हाळ्यात (डिसेंबर-जानेवारी) साडेसहाला बंद होतं, उशीर झाला की दंड. पूर्ण 50 च्या वेगाने गेलं तरी 40 किलोमीटरला 48 मिनिटं लागतात, आणि वाटेत हत्तींनी रस्ता अडवला तर ती वेळ कुणी भरून देत नाही. गेटपासून 40 किलोमीटरवर असाल तर दोन तास आधी तोंड वळवा.

गाडीतून उतरायला परवानगी फक्त विश्रांतितळांवर, सहलीच्या ठरलेल्या जागांवर आणि अशाच काही खुणा केलेल्या ठिकाणी. स्वच्छतागृहांचंही तेच, मध्ये दोन-दोन तास काही नाही. सोबत वडीलधारे असतील तर स्वतःच्या गाडीत थांब्यांची सूत्रं तुमच्या हातात राहतात, हा मोठा फायदा. एच 4-1 वरच्या न्कुहलूसारख्या जागी भाड्याने गॅसची मोठी तवा-शेगडी मिळते, नदीकडे बघत पोहे करता येतात. फक्त डबा उघडा ठेवून वळू नका, तिथली माकडं टेबलावरची वस्तू उचलून झाडावर जाईपर्यंत तुम्हाला पत्ता लागत नाही.

तीन तासांची फेरी

उद्यान स्वतः पहाटेची आणि संध्याकाळची फेरी नेतं, विश्रांतितळांवरून. तिचा खरा उपयोग असा की ती गेट बंद असतानाच्या वेळात चालते, जेव्हा तुमच्या आणि खासगी सफारीच्या गाडीला रस्त्यावर असायची परवानगी नसते. झोताच्या उजेडात तरस, जेनेट (मांजरासारखा छोटा निशाचर प्राणी), क्वचित रात्रीचा बिबट्या, हे फक्त इथेच. गाडी मोठी असू शकते, अगदी वीस आसनांची, आणि सहा वर्षांखालची मुलं घेत नाहीत. खासगी सफाऱ्यांची वयोमर्यादा ज्याची-त्याची वेगळी, आरक्षणाआधी विचारा. लहान मुलं असतील तर आम्ही दिवसभराची उघडी गाडी सुचवणार नाही. बारा तास कुणाचंही मूल गप्प बसत नाही, आणि ते योग्यच आहे.

मुक्काम आत असण्याचा आणखी एक फायदा डिसेंबरात कळतो. बाहेरून येणाऱ्यांसाठी प्रवेशद्वार साडेपाचला उघडतं, तेव्हा सूर्य वर आलेला असतो. आतल्या विश्रांतितळांचं फाटक नोव्हेंबर ते जानेवारी साडेचारलाच उघडतं. उन्हाळ्यातला तो एक तास सगळ्यात मोलाचा. जून-जुलैत उजाडतंच साडेसहाच्या सुमारास आणि गेट सहाला उघडतं, तेव्हा बाहेर राहिल्याने फारसं बिघडत नाही.

पैसे भरण्याआधी विचारायचं

गेट उघडायच्या वेळी गाडी गेटवर असेल का, की हॉटेलांतून माणसं गोळा करत आठ वाजतील? ओळीत दोघे की तिघे? गाइडकडे फगासाची (दक्षिण आफ्रिकेतल्या सफारी-गाइडांच्या संघटनेची) पात्रता आणि पर्यटक-गाइडची सरकारी नोंदणी, दोन्ही आहेत का? जेवण धरलंय का? शाकाहारी असाल तर आधी कळवा आणि तरी दशम्या, चिवडा जवळ ठेवा. शाळांच्या सुट्ट्यांत, म्हणजे डिसेंबर, ईस्टर आणि जुलैत, दिवसापुरत्या येणाऱ्यांची संख्या मर्यादित असते. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी प्रवेश आधी आरक्षित करावा, पासपोर्ट जवळ असावा.

मलेरियाचा धोका सप्टेंबर ते मे जास्त. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच, पण वेळेवर: डॉक्सिसायक्लिन जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यावं लागतं, अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस. नैरोबी किंवा अदिस अबाबाला 12 तासांपेक्षा जास्त थांबा असेल तर पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी ग्राह्य धरतात, त्यामुळे तिकीट काढतानाच थांब्याचे तास मोजा.

जून ते ऑगस्टमध्ये उघडी गाडी घेणार असाल, तर पहाटे पारा दहाच्या खाली असतो आणि चालत्या गाडीत वारा थेट अंगावर येतो. कानटोपी, हातमोजे, वारा अडवणारं जाकीट न्या. गाडीत कांबळी असतात, पण सगळ्यांना पुरतीलच असं नाही. दुपारी तोच माणूस टी-शर्टवर येतो, म्हणून एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ थर बरे. आणि दुर्बीण माणशी एक, 8 बाय 42 ची. एकाच दुर्बिणीत चौघं असले की बिबट्या फांदीवरून उतरून जातो आणि चौथ्याला रिकामी फांदी दिसते.