'मून कॉल्ड': दोन घागरी पाणी आणि गॅरेजातली कायोटी

रूप बदलणाऱ्या माणसांची गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. बेळगावात काही काळ इंग्रजी शिकवलेले ए. के. रामानुजन यांनी जमवलेल्या कन्नड लोककथांत फुलांचं झाड होणाऱ्या मुलीची कथा आहे, आणि तिच्यातली कृती पाककृतीइतकी काटेकोर आहे. जागा झाडून घ्यायची. दोन घागरी पाणी आणायचं, पाण्याला नख लागू द्यायचं नाही. एक घागर ओतली की मुलगी झाड होते. फुलं तोडायची, पण देठ, पान, फांदी मोडायची नाही. दुसरी घागर ओतली की झाडाची परत मुलगी. नणंद आणि तिच्या मैत्रिणी फांद्या मोडतात, दुसरी घागर कशीतरी ओतून पळतात, आणि मुलगी हातपाय नसलेली, अर्धवट राहते.

ही कथा कानावर असलेला वाचक अर्बन फॅन्टसी, म्हणजे आजच्या शहरात घडणारी जादूची कादंबरी, उघडतो तेव्हा त्याचा पहिला सवाल असतो: यांच्या दोन घागरी कुठल्या? रूप कसं बदलतं, परत कसं येतं, आणि मधे कोणी घाई केली तर काय बिघडतं? पॅट्रिशिया ब्रिग्ज यांची 'मून कॉल्ड' (2006) या सवालाला बरीचशी उतरते. जिथे उतरत नाही तिथे चांगलीच घसरते, पण ते शेवटच्या भागात.

कथा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, रिचलंड, केनेविक आणि पॅस्को या तीन शहरांच्या परिसरात घडते. नायिका मर्सी थॉम्पसन इतिहासाची पदवीधर आहे आणि पोटासाठी फोक्सवॅगन दुरुस्त करते. ती कायोटी होऊ शकते. मराठीत सरसकट 'कोल्हा' म्हटलं तर गोंधळ होतो. कायोटी हा उत्तर अमेरिकेतला वेगळा प्राणी, आपल्या कोल्ह्याहून थोराड आणि लांडग्याहून बारीक. हा फरक डोक्यात ठेवलाच पाहिजे, कारण सगळी कादंबरी त्यावर उभी आहे. मर्सी वेअरवुल्फांच्या, म्हणजे लांडगा होणाऱ्या माणसांच्या, टोळीत वाढली, पण ती त्यांच्यातली नाही. ताकदीत त्यांच्यापुढे ती काहीच नाही, म्हणून तिला डोकं आणि पाय चालवावे लागतात. आणि हे वेअरवुल्फ म्हणजे उत्तर कर्नाटकाच्या माळावर धनगरांच्या मेंढरांमागे फिरणारा सडपातळ लांडगा नव्हे. खऱ्या लांडग्यापेक्षा ते कितीतरी अंगापिंडाने मोठे आहेत.

आता नियम. मर्सीचं रूप क्षणात बदलतं, दुखत नाही, चंद्राशी संबंध नाही. अडचण फक्त कपड्यांची. ते आपोआप नाहीसे होत नाहीत, आधी काढावे लागतात, नाहीतर चार पायांवर पडलेल्या कायोटीच्या अंगात शर्ट अडकून बसतो. परत माणूस झाल्यावर ती उघडी. लेखिका हे विसरत नाही, प्रत्येक वेळी कपड्यांचा हिशोब ठेवते. हा हिशोब न ठेवणारी पुस्तकं या प्रकारात ढिगाने आहेत. वेअरवुल्फांचं उलट. त्यांचं रूप हळूहळू बदलतं, हाडं-सांधे मोडून परत जुळतात, वेदना होतात, आणि नंतर कडकडून भूक लागते. अशा वेळी जवळ कोण उभा आहे याला महत्त्व येतं. जखमी लांडग्याला भरून यायला मांस लागतं, आणि भुकेला जखमी लांडगा स्वतःवर ताबा ठेवेलच असं नाही. साध्या चाव्याने कोणी वेअरवुल्फ होत नाही. माणूस मरणाच्या दारात जाईल इतका हल्ला व्हावा लागतो, आणि त्यातून बरेच जण परत येत नाहीत. या एका नियमामुळे कथेतला नवखा पोरगा मॅक, जो गॅरेजवर काम मागायला येतो, त्याच्याकडे बघायची आपली नजर बदलते. त्याच्यावर हे लादलं गेलंय, आणि पुढे काय करायचं हे त्याला कोणी शिकवलेलं नाही.

पुस्तकातला सगळ्यात पक्का भाग म्हणजे लांडग्यांना गुंगवणारं औषध. वेअरवुल्फाचं शरीर साधं भुलीचं औषध झटक्यात पचवून टाकतं. म्हणून इथे तिघांचं मिश्रण येतं: सिल्व्हर नायट्रेट, डीएमएसओ आणि केटामाइन. चांदी लांडग्याची प्रतिकारशक्ती दाबते, हा भाग अर्थात कल्पनेतला. पण डीएमएसओ हे द्रावक खरोखरच कातडीतून आत शिरतं आणि सोबत दुसरे पदार्थही नेतं, घोड्यांच्या सुजेवर ते वापरतात. केटामाइन ही जनावरांच्या डॉक्टरांची नेहमीची भूल. म्हणजे एक थाप आणि दोन खऱ्या गोष्टी अशा मापात मिसळल्यात की थाप पचते. ज्याने हे मिश्रण केलं त्याला जनावरांच्या औषधांची जाण असणार, हा धागा सावध वाचकाला लवकर सापडतो. तसा तो सापडावा म्हणूनच ठेवलेला आहे.

गॅरेज हे नुसतं नेपथ्य नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ज्यांचे हात ऑइलने काळे होतात त्यांना ही पानं जास्त आवडतील. जुन्या बीटलचं इंजिन मागे, डिकी पुढे, रेडिएटर नाहीच कारण इंजिन हवेने थंड होतं. मर्सीचा गुरू झी हा परीकथेतल्या जमातीतला, पण धातूशी जमणारा, लोखंडाची बाधा न होणारा. जुना जर्मन मेस्त्रीच समजा. मर्सीने शेजारच्या ॲडमला डिवचायला आवारात, थेट त्याच्या खिडकीसमोर, एक मोडकी फोक्सवॅगन रॅबिट गाडी उभी केलीय. तो जास्त शहाणपणा शिकवायला लागला की मर्सी त्या गाडीचं एखादं चाक काढून ठेवते. ॲडम हा तिथल्या लांडग्यांचा म्होरक्या. दोघांमधली ओढ लांबलचक संवादांपेक्षा या भंगार गाडीतून जास्त कळते. व्हँपायर असलेला स्टेफन रंगीबेरंगी जुनी फोक्सवॅगन बस चालवतो, तो तर बहुतेकांचा लाडका.

वाचकांचे तट पडतात ते तीन जागी.

पहिली जागा टोळीची उतरंड. टोळीतल्या बाईचा दर्जा तिच्या जोडीदारावरून ठरतो. काहींच्या मते लेखिकेने हे मुद्दाम दाखवलंय आणि मर्सी सतत त्याविरुद्ध गुरगुरते. काहींना ते गुरगुरणं पुरेसं वाटत नाही. मर्सी इतकी धडाडीची असताना कथेत तिची जवळची एकही मैत्रीण नाही, तिच्याभोवती सगळे पुरुषच, ही तक्रार मात्र रास्त आहे. वॉरेन आणि काइल या समलिंगी जोडप्याचं चित्रण 2006 सालच्या मानाने समंजस आहे, त्यावर फारसा वाद होत नाही.

दुसरी जागा मर्सीचं मूळ. तिचे वडील मोंटाना राज्यातले, ब्लॅकफीट या मूळ अमेरिकन जमातीचे. ती ज्या नावाने ओळखली जाते ते 'वॉकर' हे नाव मात्र पार नैर्ऋत्येकडच्या, दुसऱ्याच जमातींच्या कथांवरून आलंय. मर्सी स्वतः हे बोलून दाखवते, नाव अडाण्यांनी दिलं म्हणते. तेवढ्याने भागत नाही. वडिलांच्या बाजूची एकही कथा, एकही विधी या पुस्तकात नीट येत नाही. उलट गोऱ्या लांडग्यांच्या घरातलं बालपण बारकाईने येतं. घरी एक भाषा, कचेरीत दुसरी, आणि 2014 ला बेळगावचं बेळगावी झाल्यापासून गावाच्या पाटीवरही वेगळं स्पेलिंग बघणाऱ्या आपल्या भागातल्या वाचकाला हे रिकामेपण लगेच टोचेल. पुढच्या पुस्तकांत ही बाजू भरत जाते, विशेषतः सहाव्यात.

तिसरी जागा शेवट. मधल्या भागात ॲडमच्या घरावर हल्ला होतो, त्याची मुलगी जेसी पळवली जाते, आणि मर्सी जखमी ॲडमला गाडीत घालून मोंटानाला, ती लहानपणी ज्या टोळीत वाढली तिच्याकडे, नेते. त्याच्याच टोळीकडे का नाही? कारण फितुरी आतली असू शकते, आणि दुबळ्या म्होरक्याला आपलेच लोक आव्हान देतात. इथवर सगळं चोख. परत आल्यावर मात्र व्हँपायरांच्या अड्ड्यावरची एक मोठी फेरी येते. फेरी सुंदर आहे, पण जेसी अजून सापडलेली नसताना कथा पाहुणचारात बसल्यासारखी वाटते. मग खलनायक सापडतो आणि त्याचा बेत त्याला स्वतःला सांगावा लागतो, तोही दोनदा वाचावा लागतो. हेतू समजण्यासारखा आहे, घरच्या माणसासाठीच आहे. पण हेतूपासून बेतापर्यंत इतक्या पायऱ्या आहेत की एक जरी निसटली तर सगळं कोसळावं. झाडाच्या गोष्टीत एक फांदी मोडली की काय होणार हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. इथे कोणती फांदी मोडली हे समजावून सांगायला खलनायकाला प्रवचन करावं लागतं.

इंग्रजी सोपं आहे, वाक्यं छोटी, निवेदन मर्सीच्याच तोंडून. कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना झेपेल. अडतात ती नावं. सुरुवातीलाच ॲडम, ब्रॅन, सॅम्युअल, झी, स्टेफन, वॉरेन, डॅरिल, काइल, मॅक अशी रांग लागते. पुस्तकात कागदाचा कपटा ठेवून त्यावर कोण लांडगा, कोण परीजमातीचा, कोण साधा माणूस एवढं टिपलं तर पन्नासेक पानांनंतर त्याची गरज उरत नाही. मुखपृष्ठावरून अंदाज बांधू नका. तिथली मर्सी गोंदणांनी भरलेली आहे, कथेत तिच्या पोटावर एकच पावलाचा ठसा आहे.

क्रम पाळा: 'मून कॉल्ड', मग 'ब्लड बाउंड' (2007), मग 'आयर्न किस्ड' (2008). याच जगातली 'अल्फा अँड ओमेगा' मालिका मॅक जिथून आला त्या शिकागोच्या टोळीपासून सुरू होते. ती आधी वाचली तर या पुस्तकातलं एक मोठं कोडं आयतं सुटतं, म्हणून नंतरच. आणि 'आयर्न किस्ड'च्या शेवटी नायिकेवर बलात्काराचा प्रसंग आहे. तो उथळपणे लिहिलेला नाही, पण पहिलं पुस्तक आवडलं म्हणून शाळकरी मुलाच्या हातात पुढची दोन एकदम देणाऱ्या काका-मावश्यांनी तिसरं आधी स्वतः वाचावं.