कॉलेज अल्जिब्रा : गणित ओळखीचं, गुणांचा हिशेब अनोळखी

अमेरिकेतल्या विद्यापीठांत आणि कम्युनिटी कॉलेजांत पहिल्या वर्षाला कॉलेज अल्जिब्रा नावाचा कोर्स असतो, बहुतेक ठिकाणी तीन क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे पदवीसाठी जमवायचं अभ्यासाचं एकक). रेषीय आणि वर्गसमीकरणं, असमानता, फलनं आणि त्यांचे आलेख, बहुपदी, परिमेय पदावल्या, घातांक, लॉगॅरिदम आणि वेळ उरला तर मॅट्रिक्स. महाराष्ट्र बोर्डातून सायन्सला बारावी झालेल्याला यात नवं फारसं काही नाही. म्हणूनच तो गाफील राहतो. सिलॅबसमध्ये विषयांची यादी अर्ध्या पानात संपते आणि उरलेली सगळी पानं नियमांची असतात. ग्रेड ठरते ती या उरलेल्या पानांवर.

कोर्सबद्दलचं मत आधीच सांगून टाकतो : विषयांची मांडणी चांगली, गुणपद्धत कडक पण उघड, गृहपाठाचं सॉफ्टवेअर मात्र फसवं. पाचपैकी साडेतीन.

आकडे कॉलेजागणिक बदलतात, पण साचा साधारण असा : गृहपाठ १५ टक्के, क्विझ १५, तीन घटक चाचण्या प्रत्येकी १५ आणि अंतिम परीक्षा २५. ९० ला ए, ८० ला बी, ७० ला सी, ६० ला डी, त्याखाली एफ, म्हणजे नापास. पस्तीसला पास हे डोक्यातून काढून टाकायचं. डी मिळाला तर क्रेडिट बहुधा पदरात पडतं, पण प्रीकॅल्क्युलससारख्या पुढच्या कोर्सला बसायला सहसा किमान सी लागतो. म्हणजे पासिंगची खरी रेघ ७० वर.

आता हिशेब करून पाहू. समजा गृहपाठात ९६, क्विझमध्ये ७८ आणि चाचण्यांत ७१, ६४, ६८ पडले. गृहपाठाचे १४.४, क्विझचे ११.७ आणि चाचण्यांचे ३०.४५, मिळून ५६.५५. अंतिम परीक्षेआधी जमा होऊ शकणाऱ्या ७५ पैकी हे एवढे. सी टिकवायला आणखी १३.४५ हवेत, म्हणजे अंतिम परीक्षेत २५ पैकी १३.४५, साधारण ५४ टक्के. ते जमेल. बी हवी असेल तर २३.४५ लागतात, म्हणजे जवळपास ९४ टक्के. चाचण्यांत सत्तरच्या आसपास रेंगाळणाऱ्याला शेवटच्या दोन तासांत ९४ पडत नाहीत. थोडक्यात, बीची संधी दुसऱ्या चाचणीतच हुकली होती, फक्त तेव्हा ते कुणाला दिसलं नाही.

न दिसण्याचं एक कारण गुणपत्रकाच्या स्क्रीनमध्येच आहे. कॉलेजं गुण नोंदवायला वापरतात त्या कॅनव्हाससारख्या ऑनलाइन प्रणालीत एकूण टक्केवारी तोपर्यंत तपासून झालेल्या कामावरच निघते, आणि ज्या गटात अजून एकही गुण नोंदला गेलेला नाही त्याचा वाटा बाकीच्या गटांत वाटला जातो. पहिली चाचणी होण्याआधी वरच्याच विद्यार्थ्याला स्क्रीनवर ८७ टक्के दिसतील : ९६ आणि ७८ ची सरासरी. दणदणीत बी. पण हा आकडा कोर्सच्या ३० टक्के भागाचा आहे, तोही सोप्या भागाचा. दुसरी गंमत म्हणजे जमा न केलेल्या गृहपाठापुढे नुसती रेघ असेल, तर तो शून्य धरला जात नाही. प्राध्यापकांनी सत्राच्या शेवटी त्या रेघांचे शून्य केले की टक्केवारी एका रात्रीत खाली येते, आणि मग तक्रारीची ईमेल जातात. 'फक्त तपासलेल्या कामावर आधारित' अशी एक चौकट तिथेच असते. तिची खूण काढून आकडा बघायचा, आणि त्याहून बरं म्हणजे स्वतःची एक स्प्रेडशीट ठेवायची. सात ओळींचं काम आहे.

सिलॅबस वाचताना तीन कलमांवर बोट ठेवून वाचावं. पहिलं, अंतिम परीक्षेचे गुण सर्वांत कमी चाचणीच्या जागी घेतात का. वरच्या उदाहरणात अंतिम परीक्षेत ८० पडले आणि ६४ च्या जागी ते धरले, तर २.४ गुण वाढतात, बेरीज ७६.५५ वरून ७८.९५ होते. दुसरं, एकूण टक्केवारी जवळच्या पूर्णांकात करतात का, आणि कुठून. ७९.५ ला बी देणारे असतात तसेच ७९.९९ ला सी देऊन हात झटकणारेही असतात. दोघेही नियमाप्रमाणेच वागत असतात. तिसरं कलम सगळ्यात घातक : काही विभागांत एकूण टक्केवारी कितीही असो, अंतिम परीक्षेत किमान ५० किंवा ६० टक्के पडल्याशिवाय सी देत नाहीत. गृहपाठाच्या भरवशावर राहणाऱ्यांना अडवण्यासाठीच हे कलम घातलेलं असतं, आणि ते रास्त आहे असंच म्हणावं लागेल.

कारण गृहपाठ. मायलॅब मॅथ, अलेक्स, वेबअसाइन, फुकटातलं मायओपनमॅथ, यांपैकी गृहपाठाचं एखादं सॉफ्टवेअर असतंच. मायलॅबमध्ये प्रश्न सुटला नाही तर पायरी-पायरीने सोडवून दाखवायची सोय असते आणि तसंच सोडवलेलं उदाहरणही समोर येतं. उत्तर चुकलं की फक्त आकडे बदललेला तोच प्रश्न परत मिळतो. विद्यार्थी डावीकडे उदाहरण उघडं ठेवून उजवीकडे आकडे भरतो आणि १०० टक्के घेतो. चाचणीत कोरा कागद समोर आल्यावर पहिली पायरी कोणती हेच सुचत नाही, कारण ती पायरी प्रत्येक वेळी सॉफ्टवेअरने सुचवलेली असते. गृहपाठ ९६ आणि चाचणी ६४ ही जोडी म्हणून इतकी सर्रास दिसते. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो : मदत घेऊन सुटलेल्या प्रत्येक प्रश्नाचा क्रमांक वहीत लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी तसाच प्रश्न मदत न घेता कागदावर सोडवायचा. अलेक्स या बाबतीत जास्त प्रामाणिक. मधूनमधून त्याची ज्ञानतपासणी येते आणि विसरलेले विषय पूर्ण झालेल्या यादीतून काढून टाकते. विद्यार्थी यावर चिडतात, पण चाचणीत काय होणार याचा अंदाज तिथेच मिळतो.

सॉफ्टवेअरला उत्तराचा साचाही नेमका लागतो. असमानतेची उकल (−∞, ३] अशी हवी असेल तर गोल आणि चौकोनी कंसात गल्लत चालत नाही. अनंताच्या बाजूला कायम गोल कंस. दोन उकली असतील तर स्वल्पविराम देऊन दोन्ही लिहायच्या. अचूक उत्तर मागितलं असेल तर √५ च लिहायचं, २.२३६ लिहिलं की चूक.

चाचणी हाताने तपासली जाते तिथे चित्र वेगळं. स्टेपचे मार्क असतात, पण ते कुठे जातात हे एकदा जवळून बघावं. प्रश्न घ्या : √(क्ष + ७) = क्ष − ५. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष + ७ = क्ष² − १०क्ष + २५, म्हणजे क्ष² − ११क्ष + १८ = ०. अवयव पाडले की (क्ष − ९)(क्ष − २) = ०. इथे बरेच जण ९ आणि २ लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. २ मूळ समीकरणात घालून पाहा : डावीकडे √९ म्हणजे ३, उजवीकडे −३. ही उकल खोटी. वर्ग करताना घुसलेली. उत्तर फक्त ९. दहा गुणांच्या प्रश्नात पडताळ्यासाठी दोन-तीन गुण राखून ठेवलेले असतात, आणि बीजगणित बिनचूक येणाऱ्यांचे गुण नेमके इथे जातात. आपल्याकडच्या सवयीने 'उत्तर आलं की संपलं' म्हणणारे यात आघाडीवर. लॉगॅरिदमची समीकरणं अशीच : लॉगच्या आतली संख्या ऋण करणारी उकल काढून टाकावीच लागते.

दुसरी जुनी चूक म्हणजे (क्ष − ५)² चा विस्तार क्ष² − २५ असा करणं. मग समीकरण होतं क्ष² − क्ष − ३२ = ०, सूत्रात √१२९ येतो आणि विद्यार्थी इमानदारीने कॅल्क्युलेटरवर दशांश काढत बसतो. मागच्या पायरीची चूक एकदाच कापून पुढची रीत बरोबर असेल तर उरलेले गुण देणारे प्राध्यापक बरेच असतात, पण तेवढ्यासाठी पायऱ्या कागदावर दिसायला हव्यात. नुसतं उत्तर लिहिलं आणि ते चुकलं, तर द्यायला काहीच उरत नाही. क्ष² = ५क्ष मध्ये दोन्ही बाजूंना क्ष ने भागून ० ही उकल हरवणं, −२क्ष < ६ ला −२ ने भागताना चिन्ह न उलटवणं, (क्ष² − ९)/(क्ष − ३) ला क्ष + ३ करून टाकल्यावर ३ प्रांतात नाही हे विसरणं, या तिन्ही ठिकाणी हमखास एकेक गुण जातो.

कॅल्क्युलेटरचा नियम आधी विचारावा. टीआय-८४ हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर साधारणपणे चालतो. टीआय-८९ सारखे, समीकरण स्वतःच सोडवणारे बहुतेक ठिकाणी बंद. फोनवरचा तर नाहीच. काही चाचण्यांचा एक भाग कॅल्क्युलेटरशिवाय असतो. टीआय-८४ वर ऋण चिन्हाची कळ वेगळी आणि वजाबाकीची वेगळी. गल्लत केली की बहुधा त्रुटीचा संदेश येतो. १/२क्ष असं टाइप केलं तर यंत्र ते अर्धा गुणिले क्ष असं वाचतं, म्हणून १/(२क्ष) असा कंस द्यावा लागतो. −३² ला −९ दाखवतं, आणि ते बरोबरच आहे.

वेळेची अपेक्षा आकड्यात सांगता येते. क्रेडिट अवरच्या तिथल्या संघीय व्याख्येत वर्गातल्या एका तासामागे बाहेर किमान दोन तासांचं काम धरलेलं आहे. तीन क्रेडिट म्हणजे आठवड्याला नऊ तास. उन्हाळ्यात हाच कोर्स आठ आठवड्यांत घेतला तर तो अठरा तासांचा होतो. नोकरी करून तो घेणाऱ्यांनी आधी हा गुणाकार करावा.

चुकलेल्या चाचणीबद्दल धोरण साधारण असं : पुन्हा परीक्षा नाही, त्याऐवजी सर्वांत कमी चाचणी वगळू किंवा अंतिम परीक्षेचे गुण तिथे धरू. ऐकायला उदार, पण ती सवलत एकदाच असते. लग्नासाठी पहिली चाचणी बुडवली, तर तिसऱ्या चाचणीच्या वेळी ताप आल्यावर हाताशी काही उरत नाही.

आणि कोर्स सोडण्याची अंतिम तारीख. तोपर्यंत सोडला तर डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे सोडल्याची नोंद) लागतो, तो जीपीएत, म्हणजे ए ला ४ आणि एफ ला ० धरून काढलेल्या सगळ्या ग्रेडच्या सरासरीत, धरला जात नाही. बाकीच्या चार तीन-क्रेडिट कोर्समध्ये ए असेल आणि इथे एफ लागला तर जीपीए ३.२, डब्ल्यू लागला तर ४.०. तारखेआधीच्या आठवड्यात वरचा ५६.५५ चा हिशेब मांडून निर्णय घ्यावा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांनी मात्र सोडल्यावर त्या सत्राचे क्रेडिट १२ च्या खाली जात असतील, तर आंतरराष्ट्रीय कार्यालयाची परवानगी आधी घ्यायची, कोर्स नंतर सोडायचा.

ज्यांना हा विषय खरोखर येतो त्यांच्यासाठी कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या अमेरिकी संस्थेची क्लेप परीक्षा, म्हणजे कोर्स न करता क्रेडिट मिळवून देणारी परीक्षा, हा दुसरा रस्ता आहे : ९० मिनिटांत साधारण ६० प्रश्न, गुण २० ते ८० च्या पट्टीवर, आणि क्रेडिटसाठी शिफारस केलेला आकडा ५०. त्यात गृहपाठ नाही, हजेरी नाही, क्विझ नाही. आपलं विद्यापीठ ती मानतं का, आणि ५० वरच मानतं का, हे पैसे भरण्याआधी रजिस्ट्रारच्या पानावर बघून घ्यावं. कमी पडले तर पुन्हा बसायला तीन महिने थांबावं लागतं.