पंखाचं कापड आणि घरची इस्त्री: पावसाळाभराचा अनुभव

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या भाड्याच्या गाळ्यात आमचं एकट्यापुरतं अल्ट्रालाइट, म्हणजे अगदी हलकं छोटं विमान, उभं राहतंय. तंबू-स्टोव्ह बांधून घाटावरच्या एखाद्या माळावर उतरायचं, असा बेत. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) परवानग्या व्हायच्यात आणि नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून इथून उडणं विसराच, तेव्हा आधी विमानाला टेम्पोची वारी. आराखडा अमेरिकन नियमाच्या मापाचा: रिकामं वजन 115 किलोच्या आत, पेट्रोल 19 लिटर. म्हणून कापडही हलकं घेतलं, चौरस मीटरला साठेक ग्रॅमचं कोरं पॉलिस्टर.

कापडाबद्दल तक्रार नाही. सांगाड्यावर चिकटवल्यावर ढगळ दिसतं, पण इस्त्री फिरली की ढोलासारखं ताणतं. पहिला हात 121 अंश सेल्सिअसला, मधला 149 ला, शेवटचा 177 ला (फॅरनहाइटमध्ये 250, 300, 350). त्याच्या फार वर गेलात तर उलट सैल पडतं आणि मग काही केल्या ताणत नाही.

भरवसा नाही तो इस्त्रीचा. चकतीवर 'सिल्क', 'कॉटन'. त्यावरून विमान कसं बनवायचं? इन्फ्रारेड थर्मामीटरही इथे फसवतो, चकचकीत तळाचं तापमान कमी दाखवतो. मल्टिमीटरची थर्मोकपल (तापमान मोजणारी) तार तळाला टेकवून मोजा आणि चकतीवर मार्करने आपल्या खुणा करून घ्या. वाफेची इस्त्री नको, लहान साधी बरी. एकच बाजू पूर्ण ताणून ठेवू नका, पंख पिळवटतो. दोन्ही बाजू आलटूनपालटून घ्या. चिकटवलेल्या कडांवर आच कमी ठेवा, गोंद मऊ पडतो. शेजारच्या गाळ्यातले काका रोज डोकावतात: "काय हो, विमानालाही परीटघडी लागते?"

खरा वैताग डोपचा, म्हणजे ताणलेल्या कापडावर चढवायच्या लेपाचा. विकणाऱ्याने दमट हवेबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि पांढुरका थर येतो. ठाण्याच्या जुलैत दुसरं काय होणार! रिटार्डर (द्रावक सावकाश उडू देणारं मिश्रण) घालून थोडं सावरतं, पण मी सरळ ऑक्टोबरपर्यंत डबा बंद ठेवला.

तोवर कोरं कापड उन्हापासून जपा. अतिनील किरणांनी पॉलिस्टर कमजोर होतं, आणि ते अडवणारा ॲल्युमिनियम पावडरचा रुपेरी थर अजून चढलेला नसतो. गाळ्याच्या छपरात उजेडासाठी पारदर्शक पत्रा असेल, तर पंख त्याखाली ठेवू नका. आमच्या पंखांवर ताडपत्री आहे.