हाताला चाळा देणारं पेन: चुंबकाचं, सरकखटक्याचं की बोल्टचं?

फोनवर समोरचा "एक मिनिट हां, साहेबांना विचारतो" म्हणाला की माझा हात आपोआप पेनाकडे जातो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपचा हिशेब मी बघतो, त्यामुळे असे फोन दिवसाला दहा-पंधरा. साध्या बॉलपेनाचं टकटक ऐकून शेजारच्या टेबलावरची मंडळी वैतागली, तेव्हा शोध सुरू केला. तीन प्रकार वापरून झाले.

पहिलं, ज्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेले असतात ते तुकड्यातुकड्यांचं चुंबकी पेन. आतून पोकळ अशी निओडिमियमची (म्हणजे जोरदार चुंबकाची) नळकांडी एकाला एक चिकटतात आणि मधून रिफिल जाते. तोडा, जोडा, टेबलावर उभी करा. एक तुकडा उलटा घातला तर तो ढकलला जातो आणि बोटाखाली स्प्रिंगसारखा दबतो. हा खेळ खरंच गुंगवतो. पण लिहायला बसलात की घोळ. दोन चुंबक समोरासमोर ओढून काढायला जोर लागतो, बाजूला मात्र ते सहज सरकतात. कार्बन घालून तीन प्रतींचं चलन करताना पेन दाबावं लागतं, आणि नेमका तेव्हाच मधला सांधा हलतो. शिवाय हा धातू जवळपास लोखंडाइतकाच जड. पानभर लिहिलं की अंगठा बोलायला लागतो.

आमच्याकडे आणखी एक गंमत झाली. पेन खिशात ठेवून लेथकडे चक्कर मारून आलो, तर फिटर म्हणतो, "साहेब, पेनाला मिशा फुटल्यात की ओ!" लोखंडाचा कीस सगळीकडून चिकटलेला. पुसून निघत नाही, चिकटपट्टीनं एकेक टिपावा लागतो. फौंड्री, मशीन शॉप असल्या ठिकाणी बसत असाल तर या प्रकाराचा विचारच सोडा. खानापूरकडच्या पावसात राहणाऱ्यांनीही जपावं. हे चुंबक ठिसूळ असतात. आपटून वरचा निकेलचा मुलामा उडाला की आत गंज धरतो.

दुसरं सरकखटक्याचं. (नाव माझंच, दुकानात मागितलंत तर हसतील.) हे अखंड नळीचं पेन. चुंबक आत बंद असतात, अंगठ्यानं पट्टी सरकवली की मऊ 'टप्' होऊन जागेवर बसते. आवाज कमी, तुकडे हरवायची भीती नाही, लिहिताना काही हलत नाही. चाळा मात्र एकच, त्यामुळे आठवड्यात नवलाई सरते. तरी मी म्हणेन, मीटिंगमध्ये बसणाऱ्यांसाठी हेच.

तिसऱ्यात चुंबकच नाही. बंदुकीच्या बोल्टसारखा दांडा मागे ओढायचा आणि खाचेत अडकवायचा. 'खट्' आवाज येतो, पण दणकट. माझ्या टेबलावर शेवटी हेच टिकलंय, चलनांमुळे.

चुंबकाचं घ्यायचंच असेल, तर टेबलावर आणखी काय काय असतं ते आधी बघा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये झाकण मिटल्याचं चुंबकानं ओळखतात. कीबोर्डच्या कडेला पेन ठेवलं आणि स्क्रीन अचानक काळी झाली, तर मेकॅनिकला फोन करण्याआधी पेन उचलून बघा. कार्डावरच्या चिपला काही होत नाही, पण मागची काळी पट्टी बिघडू शकते. चावीचं जुनं घड्याळ घालत असाल तर ते पुढेमागे पळायला लागेल. पेसमेकर असलेल्यांनी हे पेन शर्टाच्या खिशात लावू नये, सहा इंच तरी लांब ठेवावं.

आणि घरात लहान मूल असेल तर सुटे तुकडे नकोतच. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेगळ्या घड्यांतून एकमेकांना ओढतात, मधली भिंत दाबली जाऊन भोक पडू शकतं. तुकडा गिळल्याचा नुसता संशय आला तरी लगेच दवाखाना गाठायचा. तुकड्यांच्या पेनांत मणी आणि लहान गोळ्याही येतात. टेबलाखाली पडलेली गोळी आपल्याला दिसत नाही, रांगणाऱ्याला दिसते.

रिफिलचं विचारायला विसरू नका. पार्कर पद्धतीची, साधारण ९८ मिलिमीटरची रिफिल बसत असेल तर गणपत गल्लीतल्या स्टेशनरीतही मिळून जाते. कंपनीची स्वतःची आखूड रिफिल असेल तर शाई संपल्यावर पेनाचं नुसतं खेळणं उरतं.

ऑनलाइन मागवलंत तर परत करायची मुदत असताना पारखून घ्या. सही करून बघू नका, सही कशानंही होते. सबंध पत्ता लिहा, मुक्काम पोस्टपासून पिनकोडपर्यंत, आणि खाली कार्बन ठेवून. दुसरी प्रत वाचता आली तर ठेवा.