ऑपरेशनला पाच स्टार, नंतरच्या वर्षाला साडेतीन

आधीच सांगते, हा रिव्ह्यू वजन कमी करायच्या ऑपरेशनचा नाहीये. ऑपरेशनच्या वेळी मी झोपले होते, त्यावर मी काय बोलणार, तास-दीड तासात उरकलं, पोटावर पाच छोटी भोकं आणि दोन रात्री राहून घरी. रिव्ह्यू आहे तो त्याच्यानंतरच्या आफ्टरकेअर प्रोग्रॅमचा, जो पॅकेजमध्ये एक वर्षासाठी मिळतो आणि ज्याच्याकडे पॅकेज घेताना कोणी ढुंकूनही बघत नाही. मी पण नव्हतं बघितलं. सगळे विचारतात सर्जन कोण, किती केसेस झाल्यात, टाके दिसतील का. विसाव्या दिवशी रात्री नऊ वाजता फोन कोण उचलणार हे कोणी विचारत नाही. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण माझ्या दोन-तीन तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना तोंडावर सांगून झाल्यात.

माझी स्लीव्ह झाली, चौदा महिने झाले. तेव्हा 118 किलो होते, आता 84. स्लीव्ह म्हणजे जठराचा जवळजवळ 75 ते 80 टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि मागे केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. जो भाग जातो तिथेच भुकेचा हार्मोन, घ्रेलिन, सगळ्यात जास्त बनतो, म्हणून पहिले काही महिने भूक लागतच नाही. हे ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात जेवायची आठवण अलार्म लावून करून घ्यावी लागते, म्हणजे जन्मभर जिला भूक आवरली नाही ती बाई अलार्म बंद करून परत झोपायला लागली.

आता किट. डिस्चार्जच्या वेळी एक पिशवी देतात, त्यात गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा, छापील डाएट चार्ट, पाकिटात ठेवायचं एक कार्ड, एक शेकर आणि 30 मिलीचे छोटे प्लॅस्टिकचे कप, ते खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर असतात ना तसले. मला ते कप बघून हसू आलं होतं. पण पूर्ण किटमध्ये तीच एक वस्तू खरी कामाची. दर पंधरा मिनिटांनी एक कप, घोटघोट, म्हणजे तासाला 120 मिली, म्हणजे अख्खे बारा तास इमानेइतबारे पीत राहिलात तर कुठे जेमतेम दीड लिटर होतं. पहिल्या आठवड्यात माझं दुसरं काही कामच नव्हतं. टीव्हीसमोर बसायचं, कप भरायचा, संपवायचा, वहीत एक रेघ मारायची. लेक शाळेतून आली की आधी रेघा मोजायची आणि चाळीसच्या खाली असल्या की "आई, काय हे" म्हणून माझ्याच आवाजात ओरडायची. घटाघट पाणी पिणं ही किती मोठी चैन आहे हे मला तेव्हा कळलं, नळाखाली तोंड लावून पाणी पिणारी मुलं बघून जळायचे मी अक्षरशः.

पहिल्या दिवसाबद्दल एवढंच की सिस्टरने चार तासांत उठवून चालायला लावलं, रडले मी, तरी लावलं. पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून हे करतातच आणि ते बरोबरच आहे. पण खांदा दुखतो हे आधी कोणी सांगत का नाही? ऑपरेशन पोटाचं आणि ठणकतोय खांदा! दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरतात, तो छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला टोचतो आणि कळ खांद्यात येते. चाललं की कमी होतं. मला वाटलं हार्ट अटॅक आला. एक वाक्य सांगितलं असतं तर माझी ती रात्र वाचली असती.

चार्टचे टप्पे सगळीकडे साधारण असेच असतात, आधी नुसते पातळ पदार्थ, मग साधारण दोन आठवडे दाट लिक्विड, मग पेस्ट, मग मऊ आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण, मूठभर. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन, जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही. कागदावर सोपं आहे. माझ्या डाएटिशियन एका वर्षात तीन बदलल्या. पहिल्या म्हणाल्या शेक दिवसातून तीनदा घ्याच, दुसऱ्या म्हणाल्या शेकवर राहू नका खाण्यातून घ्या, तिसऱ्यांनी माझी फाइलच वाचली नव्हती, मला बायपास झालंय (हृदयाचं नाही, जठराची छोटी पिशवी करून ती सरळ आतड्याला जोडतात ते) असं समजून दहा मिनिटं बोलत होत्या. शिवाय ऑपरेशननंतर चव बदलते. जो व्हॅनिला शेक आधी आवडीने प्यायचे त्याच्या नुसत्या वासाने ढवळायला लागलं आणि डबा मोठा घेऊन बसलेले. मोठा डबा घेऊ नका कुणी, आधी छोटी पाकिटं मिळतात ती घ्या.

आता तो विसाव्या दिवशीचा फोन, म्हणजे माझ्या बाबतीत एकतिसाव्या दिवशीचा. अंडं खायला नुकती परवानगी मिळालेली. ऑफिसचा कॉल चालू होता, मी ओट्याशी उभी, एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताने उकडलेल्या अंड्याचा तुकडा तोंडात, दोनदा चावला असेल नसेल, गिळला, लगेच दुसरा. आणि मग छातीच्या मधोमध कोणीतरी मूठ आवळल्यासारखं झालं. खाली जाईना, वर येईना. तोंडात लाळ सुटायला लागली, साधी लाळ नाही, पांढरा फेस, साबणासारखा. वीस मिनिटं सिंकवर वाकून उभी होते. कॉलवर तिकडे कोणीतरी विचारतंय, तुमचं मत काय.

रात्री घाबरून हेल्पलाइनला फोन केला. तिसऱ्या रिंगला सिस्टरनी उचलला. पहिला प्रश्न, "उभ्याने खाल्लंत ना?" मी गप्प. दुसरा, "पाणी ठरतंय का आता? ताप? नाडी मोजा, मी लाइनवर आहे." मोजली, 88. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की ताप आला, नाडी 120 च्या पुढे जाऊन तिथेच राहिली, पोटात वाढत जाणारी कळ आली किंवा पाण्याचा घोटसुद्धा ठरेनासा झाला तर सकाळची वाट न बघता सरळ इमर्जन्सीला यायचं, नाहीतर आज रात्री फक्त घोटघोट पाणी, उद्या एक दिवस परत पातळ आणि यापुढे एक घास पंचवीस वेळा चावायचा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. सकाळी आठला परत त्यांचाच फोन, झोप लागली का म्हणून. या बाईंसाठी मी साडेतीनातले तीन स्टार देते, बाकी सगळ्या प्रोग्रॅमला मिळून अर्धा.

कारण आता येते हॉस्पिटलच्या अ‍ॅपवर. रोज वजन टाका म्हणून नोटिफिकेशन. तिसऱ्या आठवड्यात जवळजवळ सगळ्यांचंच वजन अडतं, सुरुवातीला साठवलेल्या साखरेबरोबर पाणी भराभर गेलेलं असतं आणि मग शरीर जरा दम खातं, माझं नऊ दिवस काटा हलला नाही. अ‍ॅपमध्ये काय, तर लाल बाण आणि खाली "प्रयत्न वाढवा". अरे बाबा, मी दिवसाला सहाशे कॅलरी पण खात नव्हते, अजून काय वाढवू! तो लाल बाण बघून मी त्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी सिस्टर म्हणाल्या, काढून टाका ते अ‍ॅप, आठवड्यातून एकदाच काट्यावर उभ्या राहा. म्हणजे त्यांच्याच अ‍ॅपबद्दल त्यांचंच हे मत.

सगळ्यात मोठी तक्रार मात्र चार्टची, आणि ही नीट वाचा. गोळ्या आयुष्यभर आहेत, मल्टिव्हिटामिन, बी12, डी, कॅल्शियम, लोह, हे मला मान्य आहे. छापील चार्टवर लिहिलेलं, "सकाळी नाश्त्यानंतर: सर्व गोळ्या". मी शिस्तीची बाई, सगळ्या एकदम गिळायचे, सहा महिने. सहाव्या महिन्याच्या रक्ततपासणीत फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तळाला गेलेलं. जिना चढताना धाप लागायची, ती मी अशक्तपणा म्हणून सोडून दिलेली. रिपोर्ट घेऊन गेले तर एका ज्युनियर डॉक्टरनी डबा उघडून बघितला आणि विचारलं, लोह आणि कॅल्शियम बरोबर घेता? दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर लागतं, कॅल्शियम लोहाला नीट आत शिरू देत नाही. आणि कॅल्शियम पण एका वेळी 500-600 मिलीग्रॅमच्या वर अंगी लागत नाही, म्हणून दिवसाचं 1200 ते 1500 दोन-तीन वेळा विभागून घ्यायचं, आणि शक्यतो सायट्रेट, कार्बोनेट नको, कारण कार्बोनेट पचायला जठरातलं आम्ल लागतं आणि ते आता कमी असतं. हे सगळं चार ओळींत मावतं. चार्टवर मात्र एकच ओळ. त्यानंतर मला लोहाचं इंजेक्शन सलाईनमधून घ्यावं लागलं, दोनदा.

केसांचं पण तसंच. चौथ्या महिन्यापासून मूठमूठ केस यायला लागले, बाथरूमची जाळी रोज तुंबायची. झपाट्याने वजन उतरलं की असं होतं आणि बहुतेक वेळा काही महिन्यांनी थांबतं, माझं पण दहाव्या महिन्यात थांबलं, आता कपाळावर नवीन बारीक केस उभे राहतात, कोंबडीच्या पिल्लासारखी दिसते. पण आधी कुठे छापलेलं नाही. सगळ्या पुस्तिकेवर आधीचा फोटो, नंतरचा फोटो, आणि नंतरच्या फोटोतल्या सगळ्या बायकांचे केस दाट.

ऑपरेशन झालेल्यांचा महिन्याचा ग्रुप चांगला असतो, तिकडे खरं शिकायला मिळतं. एक बायपासवाले गृहस्थ आहेत, त्यांनी डम्पिंग म्हणजे काय ते सांगितलं तसं कुठल्या डॉक्टरने सांगितलं नाही. गोड सरबत अर्धा ग्लास प्यायले, वीस मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळा, गाडीची सीट मागे करून तासभर आडवे. साखर जठराच्या त्या छोट्या पिशवीतून सरळ आतड्यात धाडकन पडते म्हणून. ते म्हणतात, "शिक्षक घरीच ठेवलाय, फी घेत नाही." स्लीव्हवाल्यांना हे कमी होतं, म्हणून आमचा लगाम पण सैल. सहाव्या-सातव्या महिन्यात माझी भूक परत जागी झाली, पण डोक्याची भूक तर कधी गेलीच नव्हती. संध्याकाळी सहाला फ्रिजसमोर उभी राहायचे, पोट म्हणतंय नको आणि हात दार उघडतोय. यासाठी माणूस लागतो बोलायला. पॅकेजमध्ये मानसोपचारतज्ज्ञांचं एकच सेशन आहे, तेही ऑपरेशनच्या आधी, फिट आहात का बघायला! ज्या वेळी गरज असते त्या वेळी वेगळे पैसे. हे उलटं आहे, पूर्ण उलटं.

पाकिटातल्या कार्डाला मात्र मार्क द्यायला हवेत. दाढ काढायला गेले, डेंटिस्टनी सवयीने आयब्युप्रोफेन लिहिली, मी कार्ड पुढे केलं, त्यांनी वाचलं, खोडलं आणि पॅरासिटामॉल दिली. या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात अल्सर होऊ शकतो, बायपासवाल्यांना तर जास्तच. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांचं कार्ड घरी ड्रॉवरमध्ये आहे.

बाकी किरकोळ. थंडी वाजते, फार वाजते, चरबीची गोधडी गेली ना. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून सहा महिने गोळी दिली, ती घेतली, खडे झाले नाहीत. दंडाची कातडी लोंबते, तिचं कोणी काही करणार नाही, लांब बाह्या घालते. लग्नाकार्यात ताटात चार चमचे बघून लोक "बरं नाही का" विचारतात, सुरुवातीला सगळं सांगत बसायचे, आता "आत्ताच खाल्लं" म्हणते आणि पुढे जाते.

वर्ष संपल्यावर प्रोग्रॅम बंद, रक्ततपासणी मात्र दरवर्षी करायची असते, त्याची आठवण ते करून देत नाहीत, मी कॅलेंडरवर स्वतः लिहिलीये. चार्टची ओळ बदलली का म्हणून गेल्या महिन्यात मुद्दाम काउंटरवर जाऊन बघितलं. नवीन छपाई झालीये, कागद गुळगुळीत, फोटो नवीन, आणि "सकाळी नाश्त्यानंतर: सर्व गोळ्या" तिथेच. मी काउंटरवरचं पेन घेतलं आणि वरच्या दहा-बारा कागदांवर बाजूला लिहून आले, "लोह वेगळं, दोन तासांनी". रिसेप्शनिस्ट बघत होती, काही बोलली नाही.

आणि हो, डिस्चार्जच्या वेळी पोटाचा पट्टा एक्स्ट्रा विकतात, मी घेतला होता. दुर्बिणीच्या ऑपरेशनला तो लागतोच असं नाही, मला तर टोचायचा नुसता. आधी सर्जनला विचारा, मग घ्या.