आई-वडिलांमागे घर सांभाळणाऱ्या थोरल्या भावासाठी बालसंगोपन योजना: कशी आहे, कुठे अडते

आई-वडील दोघेही गेले, थोरला नुकताच सज्ञान झालेला आणि धाकटी भावंडं शाळेत. अशा घराला नातेवाईक पहिला सल्ला देतात तो मुलांना कुठेतरी वसतिगृहात टाकण्याचा. राज्य सरकारच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेचं मोल इथेच आहे. तिचा पैसा मूल घरी राहावं म्हणूनच मिळतो, त्यामुळे भावंडांची ताटातूट टळते. सांभाळणारा आजी, मामा, काका किंवा सज्ञान भाऊ असू शकतो.

रक्कम १८ वर्षांखालील प्रत्येक मुलामागे महिना २,२५० रुपये. २०२३ आधी ती १,१०० होती. दोन धाकट्यांचे वर्षाला ५४,००० होतात. शाळेचा खर्च निघतो, किराण्याला हातभार लागतो. घरभाडं मात्र यात बसत नाही. योजनेचा सर्वांत मोठा दोष म्हणजे पैसे बऱ्याचदा काही महिन्यांचे साचून येतात. त्या भरवशावर उसनवारी करू नये.

अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात द्यायचा. एजंट लागत नाही. सोबत दोघांचे मृत्यूदाखले, मुलांची आणि सांभाळणाऱ्याची आधारकार्डं, शाळेचं बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, मुलाचं पासबुक आणि घरासमोर मुलांसह काढलेला फोटो. मग गृहभेट होते, चौकशी अहवाल जातो आणि बालकल्याण समिती आदेश काढते. आदेशाशिवाय पैसे सुरू होत नाहीत. समिती ठरावीक दिवशीच बसते, म्हणून आधी फोन करून जावं. नाहीतर मुलांची शाळा आणि भावाचा रोज दोन्ही बुडतात.

अर्ज अडतात ते बहुतेक नावामुळे. वडिलांचं नाव मृत्यूदाखल्यावर 'रामचंद्र' आणि मुलाच्या आधारवर 'रामा' असेल, तर अर्जाआधीच दुरुस्ती करून घ्यावी. मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली नसेल तर दाखल्यालाच वेळ जातो. दुसरी अडचण खात्याची: ते आधारशी जोडलेलं हवं आणि चालू हवं. मंजुरी मिळूनही पैसे इथेच अडकतात. आदेशाची मुदतही वाचून ठेवावी, नूतनीकरण राहिलं की हप्ता थांबतो.

केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतलं प्रायोजकत्व, म्हणजे मुलाच्या सांभाळासाठीची मदत, महिना ४,००० रुपयांचं आहे. त्याची उत्पन्नमर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरी भागात ९६,००० रुपये. आपल्या मुलांना या दोन्हींपैकी काय लागू होतं हे त्याच कक्षात आधी विचारावं. अनाथ प्रमाणपत्राचीही चौकशी तिथेच करावी. शिक्षण आणि सरकारी नोकरीत अनाथांना १ टक्का आरक्षण आहे, आणि १८ पूर्ण होऊन ही मदत थांबते तेव्हा तेच कामी येतं.

जमिनीचं काम मात्र समितीच्या आदेशाने होत नाही. थोरला भाऊ कायद्याने नैसर्गिक पालक नसतो. धाकट्यांचा हिस्सा त्याला न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता किंवा गहाण टाकता येत नाही. वारसनोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवावं आणि बहिणींसह सगळ्यांची नावं लावून घ्यावीत. एकट्या थोरल्याचं नाव 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून लावणं सोपं वाटतं, पण पुढे भावाभावांत कोर्टकज्जे उभे राहतात ते त्यातूनच. अज्ञानांच्या, म्हणजे १८ वर्षांखालच्यांच्या, नावापुढे 'अ.पा.क.' (अज्ञान पालक कर्ता) लागतं, ते सज्ञान झाले की जन्मदाखला जोडून अर्ज दिला म्हणजे तो शेरा निघतो.